उंबऱ्याबाहेर जाणारा वास

माझ्या मालाबद्दल पहिली तक्रार एका म्हशीने केली.

हसनाबादचा अंबादास नावाचा दूधवाला चतुर्थीला राजूरला गणपतीच्या दर्शनाला आला होता. लग्न नुकतंच झालेलं. जाताना माझ्या दुकानातून मोगऱ्याच्या साबणाची वडी घेऊन गेला. पुढच्या चतुर्थीला तो गणपतीच्याही आधी माझ्याकडे आला आणि झिजून अर्धी झालेली वडी त्याने फळीवर आपटली.

"ताई, हे तुमचं तुम्हीच ठेवा. म्हैस पान्हा सोडून न्हाई राह्यली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! जवळ गेलो की कान टवकारती, शेपूट मारती. परवा तर बादलीलाच लाथ. माय म्हणती, तिला वाटून राह्यलं कुणी परका माणूस आला."

"मग साबण नका लावू."

"मंग बायको जवळ येऊ देत न्हाई!"

शेजारचा नारळवाला इतका हसला की त्याच्या हातातला नारळ सुटून गटारीकडे गेला. "अरे मंग ठरव ना बाबा एकदाचं, कुणापाशी जायचंय ते!"

"दोघींपाशी," अंबादास म्हणाला. तो हसत नव्हता. "दोघींवर घर चालून राह्यलं माझं."

मी वडी परत घेतली आणि त्याला म्हटलं, थोडे दिवस द्या. म्हटलं खरं. बाईमाणसांची, नवरदेवांची नाकं मला कळत होती. म्हशीच्या नाकाचा अनुभव नव्हता.

माझा धंदा काय ते आधी सांगते. मी वास मिसळते. केसांचं तेल, अंगाचं तेल, साबण, दिवाळीचं उटणं, लग्नाचा चिकसा, कानात ठेवायचा अत्तराचा फाया, जे अंगाला लागतं आणि ज्याला वास असतो ते सगळं. कृती कुठे लिहिलेली नाही, मुठीने आणि नाकाने चालतं. शाळा सातवीत सुटली. या दिवाळी अंकाच्या ताईंनी "तुमच्या कामाबद्दल लिहून द्या" म्हटलं तेव्हा मी आधी टाळलं. मी मुळात भित्री आहे. दुकानाला कुलूप लावल्यावर ओढून बघते, चार पावलं जाते आणि परत येऊन ओढून बघते. तेल तापायला ठेवलं की लघवीलासुद्धा उठत नाही. तरी लिहिते आहे, कारण माझ्याबद्दल राजूरमध्ये एक गोष्ट सांगितली जाते आणि ती अर्धीच सांगितली जाते.

माझं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. आई सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, करून बाजारात विकायची. सुरंगीची कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून उजाडताच झाडावर चढायचं. शाळेत हजेरी चालू असायची तेव्हा मी फांदीवर असायचे. माझी शाळा सुटली ती अशी, कुणी सोडवली नाही. आई म्हणायची, "वास दिसणा नाय, म्हणान काय तो लपता?" तेव्हा ते मला फुलांबद्दलचं वाटायचं.

नवरा फिटर. अंबडकडे अंकुशनगरला साखर कारखान्यावर काम लागलं म्हणून आम्ही एवढ्या लांब आलो. हंगामात तिथल्या हवेत मळीचा वास असतो, गोड आणि आंबूस. वाळत घातलेल्या कपड्यांत तो बसतो. मला तो कधी वाईट वाटला नाही. एका हंगामाच्या शेवटी नवरा "दुसरीकडे काम बघून येतो" म्हणून गेला आणि आला नाही. कुठे आहे, आहे की नाही, मला आजही माहीत नाही. माहेरी भावाचा संसार, त्यात माझी चूल कुठे मांडायची? पिशवी घेतली आणि राजूरला आले. गणपतीला विचारायचं होतं, आता काय.

गणपती काही बोलला नाही. बोलल्या गयाबाई.

मंदिराच्या रस्त्याला त्यांचं घर. शेती भरपूर, माणसं मोजकी. मी त्यांच्या ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"कुठली ग तू?"

"वेंगुर्ल्याची."

"ते कुठं आलं?"

"समुद्राजवळ."

"मंग तिकडचं एवढं पाणी सोडून इकडं कशाला मरायला आली? इथं प्यायला न्हाई." असं म्हणत त्यांनी मला तांब्या भरून पाणी दिलं.

मग त्यांनी माझी सगळी कथा काढून घेतली. शेवटी विचारलं, "नवरा मेल्याचा निरोप आलाय का?"

"नाही."

"मंग टिकली लाव. निरोप येईस्तोवर तू सवाष्णच. कुणी काही विचारलं तर माझं नाव सांग."

रस्त्याला लागून त्यांची एक खोली होती, खताची पोती ठेवायची. ती त्यांनी मला दिली. युरियाचा वास भिंतीतून जायला अख्खा उन्हाळा लागला, पण त्या खोलीने आणि त्या टिकलीने मला गावात उभं राहू दिलं. हे मी आज विसरले तर माझ्या जिभेला किडे पडतील. पुढे जे घडलं ते वाचताना हेही लक्षात ठेवा.

सुरुवात खोबरेल उकळून त्यात जास्वंद, ब्राह्मी घालण्यापासून झाली. अत्तर मला शिकवलं जालन्याच्या बशीरचाचांनी. बाजारातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरायचं. मी बाटल्या घ्यायला जायचे आणि हुंगत बसायचे. त्यांनी हाकललं नाही. एकदा म्हणाले, "देख बेटी, एक बास उडती, एक चलती, एक बैठती. उडनेवाली दरवाजे तक जाती, बैठनेवाली बदन कू पकडती. बीच में चलनेवाली कू रख, वो दोनों का हात पकडती." माझी सगळी विद्या एवढीच. मोगरा, कापूर, मोसंबीची साल उडणाऱ्या. गुलाब, कचोरा चालणारे. वाळा, नागरमोथा, चंदन बसणारे. नागरमोथा म्हणजे शेतात लव्हाळ्यासारखं जे गवत शेतकऱ्याला छळतं, त्याच्या जातीतलंच एक. त्याची गाठ वाळवून दळली की मातीवर कुणी धूप जाळल्यासारखा वास येतो आणि तो कातडीला धरतो.

बाकी मला या मुलखाने शिकवलं. कोकणात दमट हवा, तिथे वास अंगावर रेंगाळतो. इथे चैत्रात अत्तर लावून रस्ता ओलांडेपर्यंत अर्धं उडालेलं असतं, म्हणून बसणारा वास दुप्पट घालावा लागतो. बोअरचं पाणी जड, साबण चोळून हात दुखतात पण फेस येत नाही. तापलेल्या साबणात अत्तर ओतलं तर अत्तर हवेत आणि साबण हातात, वर साय धरली की मगच घालायचं. उटण्यात सगळे संत्र्याची साल घालतात, मी मोसंबीची घालते. मोसंबीच्या या जालना जिल्ह्यात राहून संत्र्याची साल विकत आणायची म्हणजे विहिरीवर बसून पाण्याची बाटली घेणं.

फसलेही खूप. गावची आठवण आली म्हणून एकदा सुरंगीसारखा वास जमवला. मला रडू आलं इतका हुबेहूब जमला. पहिल्या गिऱ्हाइकाने हुंगलं आणि विचारलं, "ताई, हे कशावर लावायचं? गुडघ्यावर?" दुसरी म्हणाली, "दवाखान्यात गेल्यासारखं वाटून राह्यलं." ती बाटली अजून माझ्याकडे आहे, माझ्यापुरती.

तर म्हैस. मी विचार केला, म्हशीला राग वासाचा नाही, परक्या वासाचा आहे. मोगरा गोठ्यात अंबादासच्या आधी पोहोचतो. म्हणून उडणारं सगळं काढलं. नागरमोथा, वाळा आणि वर भाजलेली मेथी, जी पेंडीच्या वासाची चुलतबहीण आहे. वड्या पाडल्या आणि धीर होईना म्हणून स्वतःच हसनाबादला घेऊन गेले. अंबादासने हात धुतले, म्हशीजवळ गेला. तिने हात हुंगला, एकदा मोठ्याने शिंकली. मग तिने मान खाली घालून कडबा ओढला आणि बादलीत धार वाजली. अंबादासची आई म्हणाली, "जमलं ग बाई! आता दुसरीला विचार."

दुसरी दारात उभी होती. अंबादास जवळून गेला तशी म्हणाली, "लांबून काहीच येत न्हाई." मग खाली बघत, "जवळ आल्यावर येतोय."

परत येताना बसमध्ये ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. लांबून काहीच नाही, जवळ आल्यावर येतो. मी नकळत एक असा वास केला होता जो एका हातापलीकडे जात नव्हता.

तो कुणाला हवा होता हे मला कांताने सांगितलं.

कांता गयाबाईंची सून. गयाबाई स्वतः तरणेपणी विधवा झालेल्या, एक मुलगा आणि एक मुलगी वाढवली, शेत सांभाळलं. मुलगा मोटरसायकलवरून येताना अपघातात गेला. कांताच्या पदरात तेव्हा पूजा होती, नुकती शाळेत जायला लागलेली. कांता दुपारी माझ्या रिकाम्या बाटल्या धुवायला यायची. मी बघायचे, धुवायच्या आधी ती प्रत्येक बाटलीचं बूच नाकाशी न्यायची, डोळे मिटून. मग खसाखसा धुवायची, जणू पुरावा पुसते आहे.

एक दिवस मान वर न करता म्हणाली, "म्हशीला चालतंय तसं तेल होईल का? मला एकटीला येईल असं?"

मी करून दिलं. जवसाच्या तेलात वाळा, नागरमोथा, किंचित चंदन. काही दिवसांनी विचारलं, कसं आहे. ती म्हणाली, "पदर तोंडावर घेतला की येतो. कुणीतरी सोबत बसल्यावानी वाटतं."

गावात अशी गोष्ट सांगावी लागत नाही. बायका यायला लागल्या. नाव कुणी घ्यायचं नाही. "ताई, बिनवासाचं तेल द्या," म्हणायच्या आणि पैसे देऊनही उभ्या राहायच्या. मग मी समजायचे आणि मागच्या फळीवरची बाटली काढायचे. बऱ्याचशा विधवा. एक शाळेत खिचडी शिजवणारी, जिचा नवरा ती घरी आली की हुंगून बघायचा. एक आजी तर म्हणाली, "मला आता नाकाला येत बी न्हाई ग. पण अंगावर आहे एवढं माहीत असलं तरी बस्स."

मला तेव्हा आपण मोठं पुण्य करतो असं वाटायचं. आता वाटतं, मी फक्त लपायची जागा चांगली बांधून देत होते. माझ्याकडे मोगरा होता आणि मी त्यांना वाळा देत होते, कारण मोगरा मागायची त्यांची हिंमत नव्हती आणि द्यायची माझी नव्हती.

कांता बाटल्या धुण्यावरून दळणावर आली, दळणावरून मिसळण्यावर. तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. वाळ्याची जुडी नुसती हुंगून सांगायची, "ही ओली बांधली, बुरशी धरंल." मागच्या खोलीत आम्ही दोघी, पुढे दुकान. तिला हसताना मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

गयाबाईंना कळलं ते कुणाच्या चुगलीने नाही. कांता त्यांना भाकरी वाढायला वाकली आणि वास आला. जवळचाच वास तो, जवळ गेल्यावर येणारच. त्या ताटावरून उठून माझ्या खोलीत आल्या. ओरडल्या नाहीत, तेच वाईट.

"कोकणी, तुला छप्पर दिलं ते माझ्या सुनेला नादी लावायला न्हाई."

"मावशी, नुसता वाळा आहे."

"वाळा आहे का वळवळ, मला शिकवू नको. मी बी तरणी होते. मी काय लावलं ग जन्मभर? खोबरेल. तेबी टाळूपुरतं. अन् मेले का मी?"

मला उत्तर होतं. पण खोली त्यांची, टिकली त्यांची, पहिला तांब्या त्यांचा.

"दळू दे तिला, काम आहे ते. पण अंगाला न्हाई लागलं पाहिजे. पुन्यांदा दिसलं तर खोली रिकामी कर. बराबर?"

"बराबर," मी म्हटलं.

कांता त्या दिवसापासून पुन्हा बूच हुंगायला लागली.

मग पूजाचं लग्न ठरलं. पोरगी शिकली होती, नर्सिंगचं करत होती, मुलगाही चांगला मिळाला. गयाबाईंनी मला बोलावून चिकसा सांगितला. चिकसा म्हणजे लग्नातलं उटणं. आमच्या कोकणात नुसती हळद, पण इकडे हळदीबरोबर गव्हल्याचं सुगंधी बी, कचोरा, नागरमोथा, मेथी, गुलाबपाकळी असं दळून, तेलात कालवून नवरीला लावतात. ज्या घरचा चिकसा चांगला त्या घराचं नाव होतं.

"तूच कर," गयाबाई म्हणाल्या. "सवाष्णीच्या हातचा पाहिजे. अन् कांताला त्यात घेऊ नको. तिला शकूने स्वयंपाकाकडं बघायला सांगितलंय." शकू म्हणजे त्यांची मुलगी, पूजाची आत्या, लग्नासाठी आधीच येऊन राहिलेली.

मी खोलीत येऊन बसले. माझा नवरा जिवंत असल्याचा पुरावा नाही, मेल्याचा निरोप नाही, एवढ्या भांडवलावर मी पोरीच्या अंगाला हळद लावणार. आणि जिने तिला जन्म दिला ती पुऱ्या तळणार. मला इतका राग कधी आला नव्हता. राग आला की माझे हात गार पडतात. ते गार हात घेऊन मी मागच्या खोलीत गेले. कांता गव्हला निवडत होती.

"चिकसा तू करायचा," मी म्हटलं.

ती निवडत राहिली. "खोली जाईल तुझी."

"जाईल."

"कुठं जाशील?"

"माहीत नाही."

"मंग?"

"मंग काय? जात्याला बस."

तिने उरलेला गव्हला निवडून संपवला. मग हात झटकले आणि विचारलं, "जवळचा करायचा का?"

"नाही. बसस्टँडपर्यंत गेला पाहिजे."

कांताने दळला. मी फक्त चाळणी धरली. तिने नागरमोथा नेहमीपेक्षा जास्त घेतला, मी म्हटलं जड होईल, ती म्हणाली बसू दे. मग वाळवलेली मोसंबीची साल, मग मोगऱ्याचं तेल, थेंब थेंब, प्रत्येक थेंबाला थांबून. शेवटी परातीत हात घालून तिने सगळा चिकसा वर उचलला आणि सोडला. मी दुकानाच्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. नारळवाला म्हणाला, "काय केलं ग आज? माझं नारळाचं गिऱ्हाईक तुझ्या दाराकडं बघून राह्यलं."

मी एवढंच ठरवलं होतं की आपणहून सांगणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. भित्र्या माणसाची हिंमत एवढीच असते, आणि तेवढीही मला त्या दिवशी फार जड झाली.

हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर लावलेला, अंगण बायकांनी भरलेलं. पूजा पाटावर. पाच सवाष्णी पुढे झाल्या, परात उघडली आणि बायकांचा आवाजच बदलला. ज्या लावत होत्या त्या आपलेच हात हुंगत होत्या. ज्यांची पाळी नव्हती त्याही हात पुढे करू लागल्या. वास मांडवातून रस्त्यावर गेला. मंदिराकडे निघालेले लोक मान वळवून बघत होते.

शकूआत्या सगळ्यांत पुढे, कोपरापर्यंत माखलेली. मोठ्याने म्हणाली, "कोकणीन, काय हात आहे ग तुझा! माझ्या लग्नात बी असला चिकसा नव्हता."

आता. माझे हात गार पडले.

"हात माझा नाही," मी म्हटलं. "कांताचा आहे."

"काय?"

"चिकसा कांताने केला. निवडला, दळला, मिसळला, तिनेच. मी चाळणी धरली होती."

बायका गप्प झाल्या. स्पीकरला काही कळत नसल्यामुळे तो वाजत राहिला. शकूआत्याचा चेहरा उतरत उतरत लाल झाला. "आई! ऐकलं का? तुझ्या नातीच्या अंगाला रांडमुंडीच्या हातची हळद! ए, पाणी आणा ग. धुऊन काढा सगळं. जल्दी!"

कुणीतरी कळशी उचललीसुद्धा.

पुढचं मी कशी बोलले मला माहीत नाही. आवाज माझा होता. "धुवा," मी म्हटलं. "खुशाल धुवा. मोगरा जाईल, मोसंबी जाईल. खाली नागरमोथा आहे, तो पाण्याने जात नाही. पोरगी सासरी जाईपर्यंत राहील. आणि आत्याबाई, तुमच्या हातांनाही राहील."

सगळ्या बायकांनी आपापल्या हातांकडे बघितलं. एकीने पदराला पुसून पुन्हा हुंगलं. मग, मला वाटतं ती खिचडीवाली असावी, मागून कुणीतरी फिसकन हसलं.

पूजा पाटावरून उठली नाही. तिने नुसती मान फिरवून चुलीच्या बाजूला हाक मारली, "आई, ये ग इकडं. माझ्या डाव्या गालाला कुणी लावलंच न्हाई."

लावलं होतं. दोन्ही गाल पिवळे होते.

कांता आली. हाताला कणीक लागलेली. ती पदराला हात पुसत राहिली, पुसत राहिली, इतकी की पूजाने तिचं मनगट धरून परातीत बुडवलं. शकूआत्या ओरडली, "आई, तू बोल ना काहीतरी!"

गयाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी कांताकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वेळ होऊन राह्यला. पुढचं उरका." त्याला कुणी होकार समजलं, कुणी नकार. कांताने लेकीच्या गालाला हळद लावली.

राजूरमध्ये गोष्ट इथे संपवतात, आणि चांगली वाटते. पण वरात गेली, मांडव उतरला आणि गयाबाई माझ्या दारात आल्या. "शब्द मोडलास. खोली रिकामी कर." मी "बरं" म्हटलं आणि पाया पडायला वाकले. "पाया नको पडू," त्या म्हणाल्या. मी पडले. माझी त्यांच्याशी भांडणाची गोष्ट वेगळी आणि तांब्याभर पाण्याची वेगळी. एकीसाठी दुसरी पुसायची नाही, हे मला सातवीपर्यंतच्या शाळेत नाही, त्यांच्याच ओट्यावर कळलं होतं.

सामान हलवायला अंबादास दुधाचा टेम्पो घेऊन आला. "काळजी करू नका ताई," म्हणाला. "म्हैस विचारून राह्यली, साबण कधी." बसस्टँडजवळ पत्र्याचं शेड मिळालं. उन्हाळ्यात आत साबण मऊ पडतो, पावसात बोलणं ऐकू येत नाही. कुलूप मी आता तीनदा ओढून बघते. पण शेड दोघींचं आहे. कांता रोज सकाळी गयाबाईंच्या घरातून निघते, सासूचा चहा करून, आणि मंदिराच्या रस्त्याने सरळ चालत येते. केसांना मोगऱ्याचं तेल असतं. ती वळणावर दिसायच्या आधी मला कळतं, आली. पहिल्यांदा लोक बघायचे. आता नारळवाला हाक मारतो, "कांताबाई, जरा हळू जा, गिऱ्हाईक हुंगतंय तोवर माझा नारळ तरी विकू दे." मागची फळी मी ठेवली आहे. अजूनही कुणी "बिनवासाचं" मागते आणि उभी राहते. मी आता दोन बाटल्या पुढे ठेवते, जवळची आणि दूरची, आणि गप्प बसते. बऱ्याच जणी जवळचीच नेतात. हरकत नाही. दूरची बघून तर जातात.

राहिली गयाबाईंची गोष्ट. त्या माझ्याशी बोलत नाहीत. दर दिवाळीला मी कांताबरोबर त्यांना उटण्याची पुडी पाठवते, जवळच्या वासाची, त्यांना अडचण नको म्हणून. दर दिवाळीला पुडी कांताबरोबर परत येते. "सांग तिला, आम्हाला न्हाई चालत."

पुडीला मी दोरा बांधते तो आईने शिकवलेल्या गाठीने, सुरंगीच्या वळेसराला मारायची ती. इकडे ती गाठ कुणाला येत नाही. गेल्या दिवाळीला पुडी परत आली तेव्हा मी ती फळीवर ठेवणार होते. ती हातातच राहिली. दोऱ्याला साधी दुहेरी गाठ होती. पुडी घट्ट बांधलेली, पण आतलं उटणं थोडं कमी झालेलं.

मी कांताला दाखवली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मी न्हाई उघडली."

यंदाची पुडी आत्ताच बांधून समोर ठेवली आहे. यंदा तिच्यात जवळचं उटणं नाही. मोगरा आहे, मोसंबी आहे, आणि खाली नागरमोथा, कांताच्या मापाने. मावशी, ही उघडलीत तर वास तुमच्या ओट्यावरून खाली उतरून थेट मंदिराच्या पायरीपर्यंत जाणार आहे. मग गाठ कुठलीही मारा.